काटा, फोन आणि बाई

गोदीत वजन केल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाय. आकडा चुकला की बोंबाबोंब. आणि आमच्या वस्तीतल्या पोराचं वजन घटलं तर? फोनात आकडा भरला जातो. संपलं!

मार्च २०२१ पासून अंगणवाडीतल्या बाईच्या माथी ‘पोषण ट्रॅकर’ आला. त्याच वर्षी ऑगस्टात महाराष्ट्रातल्या हजारो बायांनी सरकारी मोबाईल परत केले. मेमरी तुटपुंजी, फोन तापायचा, ॲप इंग्रजीत. त्यांना काम टाळायचं नव्हतं; करायचं होतं, म्हणून परत केले.

मित्रहो, आमचं भांडण फोनशी नाय. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं, सहा महिने नुसतं आईचं दूध, मग घट्ट वरणभात – हे तिच्या बोलीत, चित्रासकट फोनानं शिकवावं. विसरलं तर पुन्हा बघता यावं, अडलं तर विचारता यावं. पण शिकवणारा फोन वेगळा, पाळत ठेवणारा वेगळा. माहिती वर खेचायची आणि ज्ञान खाली सोडायचं नाय, ही जुनीच मनुगिरी!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ पोरं वाढ खुंटलेली निघाली. मोजणं झालं. पुढं काय?

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बोलले. सल्ल्यासाठी नव्हे, विसाव्यासाठी आणि पैशासाठी. अंडी खा म्हणणारा व्हिडिओ अंडी आणून देत नाय. आणि तो दाखवणारी बाई अजून मानधनावरच.

तिला पगार द्या. बाळंतिणीच्या ताटात अंडं पडू द्या. मग खुशाल मोजा!