पहिली खीर

गोंदियाच्या धानबाजारात वाढलेला मुलगा तांदूळ ओळखायला फार लवकर शिकतो. तळहातावर मूठभर दाणे घेऊन त्यात कनकी किती, हे तो नजरेने सांगतो. दाणा दाताखाली फोडून ओलावा ताडतो. अरवा कोणता आणि उसना कोणता, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि भातगिरण्यांचा आहे. तेव्हा त्यात नवल नाही. तरीही याच मुलाच्या हाती एखाद्या दुपारी एक लिटर दूध आणि मूठभर तांदूळ देऊन ‘आजची खीर तू कर’ असे सांगितले, की गादीवर शिकलेली सारी विद्या पहिल्या दहा मिनिटांतच अपुरी पडते.

हा प्रयोग केवळ हौसेचा नाही. बारावीनंतर तो नागपूरला किंवा पुण्याला जाणार असतो. तिथल्या खानावळीत सूर्यास्तापूर्वी ताट मिळेलच असे नाही, आणि कंदमूळ टाळून रांधणारा आचारी भेटेलच असेही नाही. आईने घरात सांभाळलेला आहारनियम बाहेरगावी टिकायचा असेल, तर चार पदार्थ स्वतःला करता यावे लागतात. मुलींना हे शिकवायचे आणि मुलांना वगळायचे, ही रीत व्यापारी घरांनी आजवर पुष्कळ जपली. आता ती सोडलेली बरी. आरंभ खिरीपासून करावा, कारण तिच्यात वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून भक्ष्याभक्ष्य ठरवावे लागेल असे काहीच नसते. दूध, तांदूळ, साखर, वेलची. आणि या मुलखाच्या जंगलात मिळणारी चारोळी. चातुर्मासात सुक्यामेव्याविषयी ज्या घराचा जो नियम, तो अर्थातच पाळावा.

पहिला प्रश्न तांदळाचा. बाजाराची दृष्टी आणि चुलीची दृष्टी येथे वेगळ्या वाटांनी जातात. बाजारात जुन्या तांदळाला मान, कारण त्याचा भात मोकळा होतो. खिरीला नवा तांदूळ मानवतो, कारण तो लवकर मऊ होऊन दुधाला दाटपणा देतो. गिरणीत तुटलेला दाणा भाव पाडतो. खिरीत तोच दाणा आधी विरघळतो, आणि म्हणून अनेक गृहिणी तांदूळ मुद्दाम जरासा भरडून घेतात. उसना तांदूळ मात्र घेऊ नये. तो सालीसकट एकदा उकडून वाळवलेला असल्याने त्याचा दाणा दुधात आपले रूप सहसा सोडत नाही. सर्वांत उत्तम चिन्नोर. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही ते २०२१ मध्ये मिळाले. दोन्हींच्या मधोमध राहणाऱ्या गोंदियाकरांनी खिरीसाठी दूरच्या बासमतीकडे धाव घ्यावी, हे काही शोभत नाही. चिन्नोरचा दाणा लहान आणि सुवासिक असतो. तो सुवास जुन्या तांदळात ओसरतो, म्हणूनही नवा हंगाम साधावा.

तांदूळ निवडण्यात घाई नको. ताटात पसरून, उजेडात धरून, किडा दिसल्यास तो जपून बाजूला काढून मगच धुवावा. ही जयणा स्वयंपाकाचा पहिला भाग आहे. एक लिटर दुधाला पन्नास ते साठ ग्रॅम तांदूळ पुरतो. नवशिक्याला हे प्रमाण हमखास कमी वाटते. तो आणखी एक मूठ टाकतो आणि तासाभराने पातेल्यात खिरीऐवजी गोड भात घेऊन बसतो.

जाड बुडाचे पातेले आधी पाण्याने विसळावे आणि ओलेच ठेवून त्यात दूध ओतावे. दूध उकळले की आच मंद करून अर्धा तास भिजवलेला तांदूळ सोडावा. पुढची चाळीस-पन्नास मिनिटे पातेल्यापासून हलायचे नाही. पळीने बूड खरवडत राहायचे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला, की मगच शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर साखर घालावी. आधी घातली तर तांदूळ शिजता शिजत नाही. गूळ घालायचा असेल तर पातेले उतरवून, खीर कोमट झाल्यावरच. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती असते. आणि बूड लागलेच तर खरवडू नये. वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतली तर बहुतेक वेळा ती वाचते. हे वाक्य आई मुलाला आधी सांगत नाही. पहिल्या खिरीच्या वेळी ते आपोआप सांगितले जाते.

या साऱ्यावर घड्याळाची करडी नजर असते. गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला आहे. डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी. चौविहार पाळणाऱ्या घरात खीर उशिरा झाली तर ती कोणाच्याच ताटात पडत नाही, आणि रात्र उलटलेली खीर वासी म्हणून सकाळीही चालत नाही. दुपारी तीनला पातेले चढले पाहिजे, आणि खीर घरातल्या माणसांपुरतीच झाली पाहिजे. चार माणसांत तीन लिटरची खीर करणारा उत्साह येथे कामाचा नाही.

दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागणाऱ्या घरांना एक गोष्ट सहसा आठवत नाही: या दोन्ही नावांच्या मागे खिरीचे पात्र आहे. गौतमस्वामींनी सुमारे १५०० तापसांना एकाच पात्रातील खिरीने पारणे करविले, अशी कथा आहे. शालिभद्र पूर्वजन्मी संगम नावाचा वासरे राखणारा गरीब मुलगा होता. सणाच्या दिवशी घरोघरी खीर पाहून त्याने आईकडे हट्ट धरला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. शेजारणींनी दूध, तांदूळ, साखर दिली आणि खीर झाली. ताट पुढे येताच मासक्षमणाच्या पारण्यासाठी मुनी दारी आले, आणि संगमाने सारी खीर त्यांना वहोरावली. पुढच्या जन्मी तो राजगृहीच्या भद्रामातेच्या पोटी आला, तेव्हा तिला स्वप्नात पिकलेले भाताचे शेत दिसले. शाली म्हणजे भात. त्यावरून नाव शालिभद्र. धानाच्या पेढीवर हे नाव लिहिताना हात क्षणभर थांबायला हरकत नाही. त्या घरी ती खीर काही रोज होणारी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

खीर वाढली जाते. आजोबा पहिला घास घेऊन काही बोलत नाहीत, थोड्या वेळाने वाटी पुढे करतात. किंचित करपल्याचा वास असला तरी त्या दिवशी त्याची चर्चा होत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी ज्याने त्याने आपली वाटी पाण्याने धुऊन ते पाणी पिऊन टाकलेले असते. उरते ते पातेले. उष्टे-खरकटे भांडे दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा अधिक काळ तसे राहू द्यायचे नसते, आणि ज्याने खीर केली त्यानेच ते घासायचे असते. बुडाला चिकटलेला तपकिरी थर गरम पाण्यात सुटायला वेळ लागतो. म्हणून आई तेवढे पाणी आधीच तापवून ठेवते.