चूक शोधणे हीही विद्याच

संगणकाचा इतिहास सांगताना आपण वेगाचे आणि क्षमतेचे गोडवे गातो. या यंत्रांकडून बिनचूक काम करून घेण्यासाठी माणसांनी काय खटपट केली, हा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. त्याचा पाया पहिल्या दोन-तीन वर्षांतच घातला गेला.

केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी सुरू झाला. पुढच्याच महिन्यात त्याचे जनक मॉरिस विल्क्स यांना कळून चुकले, की उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार. त्यांच्या त्या काळातील एका प्रोग्रॅमची कागदी पट्टी पुढे सापडली. ओळी १२६ आणि चुका वीसेक!

सुरुवातीला प्रोग्रॅमर यंत्रापाशी उभे राहून एकेक आज्ञा चालवत आणि पडद्यावरचे ठिपके न्याहाळत. त्यात यंत्राचा मौल्यवान वेळ जाई. मग प्रोग्रॅम अडला, की मेमरीतला मजकूर छापून घेऊन तो टेबलाशी बसून तपासण्याची रीत आली. तिला नाव मिळाले ‘पोस्टमॉर्टेम’. स्टॅन्ली गिल यांनी चाललेल्या प्रत्येक आज्ञेचे सांकेतिक अक्षर क्रमाने छापणारा तपासणी-प्रोग्रॅम लिहिला आणि वाट कुठे चुकली ते कागदावर दिसू लागले. चुका शोधायला मदत करणारा आजचा डीबगर याच वंशातला.

ॲलन ट्युरिंग यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिजलाच त्याहून खोल विचार मांडला. लांबलचक बेरजेत हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. तसेच प्रोग्रॅमच्या कोणत्या टप्प्यावर काय खरे असायला हवे, हे लिहिणाऱ्यानेच नोंदवून ठेवावे.

या शिस्तीचा विसर महागात पडतो. ४ जून १९९६ रोजी ‘एरियान ५’ अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाला. ‘एरियान ४’साठी लिहिलेला प्रोग्रॅमचा भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या अग्निबाणाच्या आडव्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांत मावला नाही. जुने गृहीतक नव्या उड्डाणमार्गावर तपासलेच गेले नव्हते.

आता प्रोग्रॅम यंत्रेही लिहू लागली आहेत. ते बरोबर आहेत की नाहीत, हे ठरवण्याची जबाबदारी माणसाचीच आहे. म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती: विद्यार्थ्यांकडून नवे प्रोग्रॅम लिहून घ्याच, पण चुका असलेला प्रोग्रॅमही त्यांच्या हाती द्या. चूक कुठे आहे, ती कशी सापडली आणि कशामुळे झाली, हे त्यांना लिहायला लावा. आणि त्याला परीक्षेत गुणही द्या.