हजेरीपटावरील नाव

अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांचे जन्मगाव चौंडी हे बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे आणि बीड जिल्ह्यातील परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला, त्यामुळे या जिल्ह्याला त्या परक्या नाहीत. त्यांचे नाव आता कायद्यातही आहे. विद्यापीठांची नावे अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या अधिकृत यादीत, नोंदलेली असतात. २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरी यांचे आणि २०१९ साली सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव मिळाले, तेव्हा स्त्रियांच्या कर्तृत्वावर कायद्याची मोहोर उमटली. हा सन्मान रास्तच होता, किंबहुना उशिराच झाला.

मात्र ज्या स्त्रियांमागे ना दफ्तर राहते ना पत्रव्यवहार, त्यांच्या इतिहासाचे साधनही कायदाच निर्माण करू शकतो, याचा विचार फारसा होत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रियांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. त्या अनुभवातून आलेल्या १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने काम मागण्याचा हक्क स्त्रीलाही दिला आणि हजेरीपटावर, म्हणजे मजुरांची दैनंदिन नोंद ठेवणाऱ्या कागदावर, तिचे नाव स्वतंत्रपणे चढले. तो हजेरीपट मजुरीचा हिशेब तर आहेच, पण मराठवाड्याच्या स्त्रीश्रमाचा तो अस्सल दस्तऐवजही आहे.

ऊसतोडीत नेमके हेच घडलेले नाही. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ धरतात, मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी स्त्री हिशेबात वेगळी दिसत नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व बीडच्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. पण ती गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रिया किती, हे शोधण्यासाठी. श्रमाआधी शस्त्रक्रियेची नोंद व्हावी, ही या राज्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुन्हा पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. विधिमंडळाने प्रत्येक ऊसतोड स्त्रीचा करार, मजुरी आणि ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावाने करणे कायद्याने बंधनकारक करावे, आणि बीडच्या वाचकांनी आपल्या आमदारांकडे ही मागणी लेखी नोंदवावी.