‘उष्मादायी’ म्हणजे किती?

‘उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय? एक उदाहरण द्या.’ दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात असा प्रश्न दिसला की मुलांना हायसे वाटते. ज्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते ती उष्मादायी, शोषली जाते ती उष्माग्राही. उदाहरण म्हणून कळीच्या चुन्यात पाणी. दोन ओळी लिहिल्या, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. उष्णता बाहेर पडली म्हणजे किती पडली आणि ती गेली कुठे, हे कोणी विचारत नाही. पण स्वयंपाकघरात, मोरीत किंवा दवाखान्यात या धड्याची गरज पडते तेव्हा नेमके तेच ठाऊक असावे लागते.

चुन्याचेच पाहू. एक किलो कळीचा चुना पाण्याशी पूर्ण संयोग पावला की सुमारे ११५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्यात साधारण साडेतीन लिटर पाण्याला नळाच्या तापमानापासून उकळी आणता येईल. घरांना चुन्याची सफेदी होत असे त्या काळी पिंपात चुना भिजत घातला की तो खदखदायचा, वाफा निघायच्या आणि मोठी माणसे पोरांना लांब पिटाळायची. ही उष्णता चुन्यात आली कोठून? चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भट्टीने घातलेल्या ऊर्जेचा एक हिस्सा पाणी मिळताच परत येतो. एवढी साधी गोष्ट वर्गात सांगितली तर ‘उष्मादायी’ हे नुसते लेबल राहणार नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करण्यासाठी वापरतात तो कॉस्टिक सोडा घ्या. पाण्यात विरघळताना त्याचे ४० ग्रॅम सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता देतात. ते पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात विरघळले तर पाणी चाळीस-पन्नास अंशांनी तापते. त्याचा शिंतोडा उडाला तर कातडी आधी पोळेल आणि मग अल्कलीने जळेल. तेच ४० ग्रॅम चार लिटरच्या बादलीत थोडे थोडे टाकले तर तापमान जेमतेम अडीच-तीन अंश चढते. पदार्थ तोच, वजन तेच, बाहेर पडलेली उष्णताही जवळपास तेवढीच. ती किती पाण्यात वाटली गेली, एवढाच फरक. ‘आम्ल पाण्यात टाका, पाणी आम्लात नको’ या नियमामागेही हेच आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याहून पावणेदोन पटीपेक्षा जड असते. वरून ओतलेले थोडे पाणी त्याच्यावर तरंगते, तिथेच उकळते आणि आम्लासकट उसळते. नियम मुलांना तोंडपाठ असतो. त्याचे कारण मात्र ‘अपघात होतो म्हणून’ एवढ्यावरच थांबते.

नुसत्या पाठांतराने नडण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे डोळा. तंबाखूसोबत मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब मुलांच्या हाताला सहज लागतात. खेळताना दाबली की पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. अशा मुलांच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार केल्या आहेत. काहींची दृष्टी कायमची अधू झाली आहे. अशा वेळी ‘चुन्यात पाणी गेले की तो तापतो’ एवढेच आठवणारा माणूस पाणी मारायला कचरला, तर धड्यानेच घात केला म्हणायचे. पुडीतला चुना आधीच भिजवलेला असतो. त्याची उष्णता केव्हाच निघून गेलेली असते. ‘उष्मादायी’ हा गुण चुन्याचा नव्हे, चुना आणि पाणी यांच्यात घडणाऱ्या बदलाचा आहे, आणि तो बदल होऊन गेलेला आहे. उरते ती अल्कली. ती डोळ्याच्या पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरते, म्हणून तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

उपाय पाणीच. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे सोडायची, डोळा चोळायचा नाही, आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे. पापणीखाली अडकलेले कण त्यांनाच काढावे लागतात. कोरडा कळीचा चुना अंगावर सांडला तर आधी तो झटकायचा आणि मग भरपूर पाणी ओतायचे. कारण तिथे चार थेंब पाणी चटका देईल, पण वाहती धार उष्णताही घेऊन जाते आणि चुनाही.

अर्धवट रसायनशास्त्राचा आणखी एक सापळा आहे. अल्कलीवर आम्ल टाकले की उदासिनीकरण होते, मग चुन्यावर लिंबू का पिळू नये? कारण उदासिनीकरणही उष्मादायी असते आणि शिवाय आम्ल स्वतः इजा करते. डोळ्यात लिंबू, तूप, दूध यांतले काहीही नको. हे वाक्य ‘उदासिनीकरण’ शिकवतानाच सांगायला हवे. पण त्या तासाला शिक्षक समीकरण संतुलित करून घेण्यात गुंतलेले असतात.

शिक्षकांवर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. प्रयोगशाळा कुलपात आणि अभ्यासक्रम डोक्यावर, अशीच अनेक शाळांची गत आहे. तरीही हा धडा हाताने शिकायला कपाटभर काचसामान लागत नाही. प्रयोगशाळेतला एक तापमापी (तापाचा नव्हे, त्याची पट्टी फार तोकडी असते), चहाचे कागदी कप आणि किराणा दुकानातले लिंबूफूल व खाण्याचा सोडा पुरे. लिंबूफुलाच्या पाण्यात सोडा टाकला की फसफसून वर येते. इतका उसळतोय म्हणजे तापणार, असा अंदाज मुले बांधतील. तापमापी मात्र खाली उतरतो. शेतकऱ्याच्या पोराला तर वेगळे सांगायलाच नको. तांब्यात मूठभर युरिया विरघळवताना तांब्या गार पडलेला त्याने अनुभवलेला असतो. तो उष्माग्राही बदल आहे, हे मात्र त्याला पुस्तकात भेटत नाही.

पुस्तकाचेही नवल आहे. रासायनिक अभिक्रियांनंतर एकच प्रकरण ओलांडले की त्याच पुस्तकात ‘उष्णता’ येते, आणि तिथे पाण्याच्या विशिष्ट उष्माधारकतेवर मुले रीतसर गणिते सोडवतात. त्या गणितांतले पाणी मात्र तापलेल्या धातूच्या गोळ्यानेच गरम होते, अभिक्रियेने कधीच नाही. रसायनशास्त्राचे प्रकरण एकीकडे, भौतिकशास्त्राचे दुसरीकडे. दोन्ही जोडणारा एकच प्रश्न पेपरात आला तरी शिकवण्या त्याची तयारी करून घेऊ लागतील: ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा एकदा पेल्यात आणि एकदा बादलीत विरघळवला, तर पाणी किती तापेल ते काढा, आणि यांतल्या कोणत्या भांड्याजवळ लहान भावाला उभे राहू द्याल ते लिहा.