लुटीचा हिशेब कोण ठेवतो?

१६७० सालच्या हिवाळ्यात मराठी फौज वऱ्हाडात कारंज्यावर उतरली. सुरतेची दुसरी लूट होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते. कारंजा तेव्हा सधन व्यापारी पेठ. जदुनाथ सरकारांच्या वर्णनानुसार उंची कापड, सोने, चांदी असा सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला गेला. हा प्रसंग सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. ती जनावरे पुढे कुठे गेली, हे विचारत नाही.

त्याचे उत्तर कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची आणि छावणीत परतल्यावर झाडा घेतला जायचा. जास्तीचा ऐवज सापडला तर तो सरकारात जमा किंवा पगारात वळता. शिपायाचे पोट पगारावर चालायचे, लुटीवर नाही. पुढे पेंढाऱ्यांनी याच्या नेमके उलट केले. त्यांना पगारच नव्हता. हाती लागेल ती कमाई. इंग्रजांची तिसरी तऱ्हा. लूट गोळा करायची, लिलावात काढायची आणि पैसा हुद्द्याप्रमाणे वाटायचा. अकोल्याजवळचे अडगाव २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आणि मेळघाटातला गाविलगड १५ डिसेंबरला जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१७-१८ च्या युद्धातल्या ‘दख्खनच्या लुटी’चा विश्वस्तही. त्या लुटीच्या वाटणीवरून सेनापतींमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. घोडे सगळ्यांकडे होते, तलवारीही होत्या. फौजेचा स्वभाव ठरवला तो लुटीच्या नियमाने.

अमरावती-अकोल्यातली पोट्टी आज संगणकावर आणि मोबाईलवर जे खेळ खेळतात, त्यांतला एक मोठा प्रकार याच नियमावर उभा आहे. राक्षस मारा, पडलेला माल उचला, त्यातून आपला योद्धा घडवा आणि आणखी मोठ्या राक्षसाकडे जा. खेळणारे या मालाला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि योद्ध्याच्या घडणीला ‘बिल्ड’. १९८० च्या ‘रोग’ या खेळात दर वेळी नवे तळघर आणि नवी वस्तू निघायची. त्या परंपरेतून १९९६ च्या अखेरीस ‘डायब्लो’ आला. मूळ आराखड्यात तो पाळीपाळीने खेळायचा होता. तो धावता करण्याचा निर्णय झाला आणि एक नवा प्रकार जन्मला.

या खेळांची तुलना करताना चित्रे किती देखणी, राक्षस किती, यावर फार शाई खर्च होते. मला ती मोजपट्टी अपुरी वाटते. पडलेला माल कोणाचा, हे आधी विचारावे.

२००० सालच्या ‘डायब्लो २’ मध्ये चौघे मिळून राक्षस मारायचे, पण माल जमिनीवर सगळ्यांसमोर पडायचा आणि ज्याचा हात चपळ त्याचा व्हायचा. हा सरळ पेंढारी कायदा. खेळातल्या सोन्याला किंमत उरली नाही, तेव्हा खेळाडूंनीच ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलन म्हणून चालवली. मग तिच्या खोट्या नकलांचा सुळसुळाट झाला. तरीही तो खेळ टिकला, कारण त्यातली घडण खरी होती. चुकीच्या कौशल्यात घातलेला गुण परत मिळत नसे. ती सोय २०१० मध्ये आली. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात घाम गाळलेल्या माणसाला यातले मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मल्लखांबाला दिलेली वर्षे कुस्तीकडे वळती करता येत नाहीत, म्हणून तर निवड जपून करावी लागते.

२०१२ चा ‘डायब्लो ३’ इंग्रजी वळणाने गेला. त्यात खऱ्या पैशांचा लिलाव सुरू झाला आणि प्रत्येक सौद्यात कंपनीचा वाटा. एकट्याने खेळायलाही अखंड इंटरनेट लागायचे. भारनियमनात वाढलेल्या वऱ्हाडी मुलाला तेवढ्यानेच दार बंद. त्याहून मोठे नुकसान खेळाच्या गाभ्याचे झाले. तलवार बाजारात मिळते म्हटल्यावर राक्षस मारायचा कशाला? कर्त्यांनाच हे मान्य करावे लागले आणि मार्च २०१४ मध्ये लिलाव बंद झाला. लुटीचा नियमही बदलला. आपल्या योद्ध्याला उपयोगी पडेल असा माल जास्त पडू लागला आणि खेळ सावरला.

न्यूझीलंडच्या ‘पाथ ऑफ एक्झाईल’ने (२०१३) सुरुवातीला सोने ठेवलेच नाही. तिथले चलन म्हणजे वस्तू सुधारणारे गोळे. वापरा किंवा देवघेवीत द्या. घडणीच्या झाडाला तेराशेहून अधिक गाठी, आणि दर काही महिन्यांनी नवा मोसम, ज्यात सगळे पुन्हा शून्यापासून. घडणीची इतकी श्रीमंती दुसऱ्या खेळात मला दिसत नाही. नवख्याला मात्र तो फार दमवतो. न्यायात मी २०२४ च्या ‘लास्ट एपॉक’ला वर ठेवतो. तिथे व्यापाऱ्यांच्या गटात जायचे की स्वतःच शोधणाऱ्यांच्या, हे खेळाडूनेच ठरवायचे; शोधणाऱ्याला बाजार जवळजवळ बंद, पण माल अधिक पडतो. तो इंटरनेटशिवायही खेळता येतो, ‘ग्रिम डॉन’ही तसाच.

खरा धोका मोबाईलवर आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तोच आहे. २०२२ च्या ‘डायब्लो इम्मॉर्टल’मध्ये चांगले रत्न मिळण्याची शक्यता पैसे मोजून वाढवता येते. काय निघेल ते मात्र नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले होते. तिथे आणि नेदरलँड्समध्ये हा खेळ आलाच नाही. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. तो योग्यच झाला. पण ‘इम्मॉर्टल’सारख्या खेळात जिंकलेला माल रोख होत नाही, तो योद्ध्याच्या अंगावर चढतो. बापाच्या खात्यातून जाणारा पैसा तेवढाच खरा असतो. किमान अशा प्रत्येक पेटीवर काय निघण्याची शक्यता किती, हे ठळक आणि मराठीत छापणे सक्तीचे करावे, आणि अल्पवयीन मुलांना ती विकूच नये.

दुसरी मागणी आपल्या कलावंतांकडे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढून भारतीय कथेवर जगाने खेळावा असा खेळ होतो, हे दाखवले. आता कोणीतरी कारंज्याची मोहीम घ्यावी. घडण आयती आहे: बारगीर निवडला तर घोडा आणि हत्यार सरकारचे, पगार कमी, पण घोडा पडला तर दुसरा मिळेल, शिलेदार निवडला तर घोडा आपला, मान मोठा, आणि घोड्याचा तोटाही आपलाच. परतीच्या वाटेवर पेठेतली चांदी पडशीत लपवायची की जमा करायची, हे खेळाडूने ठरवावे. छावणीच्या दारात झाडा घेणारा कारकून यादी घेऊन बसलेला असेल.