पदकावरचं नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, कपाटाच्या आवराआवरीवर मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत तीन-चार जणींनी निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे. प्रत्येक घरी लॉकरच्या कप्प्यात, नाही तर देवघराच्या खालच्या खणात, एक पत्र्याचा डबा असतो. त्यात आता न चालणारी नाणी, शाळेतले बिल्ले, कुणाकुणाची बक्षिसाची पदकं, परदेशातून आलेलं काहीबाही. दिवाळीला डबा उघडायचा, पुसायचा, परत बंद करायचा. या साऱ्याचं करायचं काय? मोडीत घालायचं, विकायचं, की तसंच ठेवायचं?

डोंबिवलीच्या एका भगिनीने तर नेमकं विचारलं आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेहून येताना तळहाताएवढं ब्राँझचं पदक घेऊन आला. वर किंमत नाही, डॉलरचं चिन्ह नाही, नुसतं चित्र. हे नाणं की शोभेची वस्तू?

आधी त्यांचंच घेऊ. ज्यावर सरकारने किंमत छापली आणि जे बाजारात देता-घेता येतं ते नाणं. पदकाला अशी किंमत नसते. ते कुणाच्या आठवणीसाठी, गौरवासाठी, किंवा केवळ कला म्हणून काढलेलं असतं. नाणं लाखांनी पाडायचं असल्यामुळे त्यावरचं चित्र चपटं ठेवावं लागतं. पदकाला ती घाई नसते. शिल्पकार आधी मोठ्या थाळीएवढा मातीचा किंवा प्लॅस्टरचा नमुना करतो. मग एक यंत्र तो नमुना चाचपत चाचपत तेच चित्र लहान करून पोलादी साच्यावर कोरतं. त्या साच्याचे ठसे धातूवर एकदा नाही, अनेकदा बसतात. मधूनमधून धातू तापवून मऊ करतात. म्हणून चांगल्या पदकावर बोट फिरवलं की नाक, केस, पदराची चुणी अगदी हाताला लागते.

अमेरिकेत १९३० साली पदककलेची एक संस्थाच निघाली, सोसायटी ऑफ मेडलिस्ट्स. वर्गणी भरायची आणि वर्षाला दोन पदकं घरपोच घ्यायची, मासिक घेतो तशी! दर वेळी वेगळा शिल्पकार, विषय त्याचा त्याने निवडायचा. १९९५ पर्यंत हे चाललं. पुढे डेव्हिड अलेक्झांडर नावाच्या अभ्यासकाने या पदकांची क्रमवार सूची केली आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ती ग्रंथरूपाने काढली. संस्था गेली, पण कुठलं पदक कुणी केलं, केव्हा केलं, ते आज सापडतं. हे केवढं काम आहे, ते आपल्या डब्याकडे पाहिलं की कळतं.

या मालिकेतलं पहिलंच पदक एका बाईने केलं, लॉरा गार्डिन फ्रेझर यांनी. त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९२१ साली अलाबामा राज्याच्या शताब्दीचं नाणं त्यांनी केलं. अमेरिकेचं स्मारक नाणं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९३२ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला पाव डॉलरचं नाणं निघायचं होतं. कलासमितीची पसंती लॉराबाईंच्या चित्राला होती, पण अर्थखात्याच्या प्रमुखांनी दुसऱ्याचं, जॉन फ्लॅनगन यांचं, चित्र घेतलं. बाईंचं चित्र राहिलं बाजूला. ते १९९९ मध्ये एका सोन्याच्या स्मारक नाण्यावर आलं आणि अखेर २०२२ साली, नव्वद वर्षांनी, साध्या पाव डॉलरवर. बाई तोवर कधीच गेलेल्या. तरी एक बरं, की चित्राखालचं नाव शाबूत होतं. म्हणून ते उकरून काढता आलं.

आपल्याकडे नाव असं शाबूत राहतं का? आमच्या बाळकुममधलीच गोष्ट सांगते. नाक्यापासून आत एका सोसायटीत माझ्या ओळखीचं घर आहे. सुनेला मुलगा झाला. बाळाच्या वाळ्यांसाठी घरातली मोडकी चांदी काढली. एक निरांजन, चेपलेली अत्तरदाणी आणि डब्यातलं एक काळवंडलेलं पदक. जांभळी नाक्याला सराफाकडे निघण्याआधी ती माझ्याकडे आली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून जुनी अक्षरं लागली की लोक येतात. म्हणाली, "वहिनी, हे जरा वाचून द्या ना. यावर कुणाचं नाव आहे तेच कळत नाही. आमच्यात या नावाचं कुणीच नाही."

पदकाच्या मागे 'कु.' असं लिहून एक नाव, आडनाव आणि '१९४१, मराठीत प्रथम' इतकंच कोरलेलं. घरात म्हणत होते, कुणी तरी गहाण ठेवलेलं असेल, राहून गेलं. मी म्हटलं, आधी तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचार. मग कल्याणला राहणाऱ्या आत्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, ही आमची आई! लग्नाआधीचं नाव ते."

आजेसासूबाईंचं! लग्नात नावही बदललं, आडनावही बदललं. साठ वर्षं त्या घरात वावरल्या, आणि घरची समजूत अशी की त्यांना शिक्षणाची आवडच नव्हती, वाण्याची यादी लिहिण्यापुरतं त्यांना येत होतं. मराठीत पहिली आलेली मुलगी होती ती. पदक वितळलं असतं तर हे सांगायला दुसरं काहीच उरलं नसतं. तिच्या हातचा कागद नाही, शाळेचा दाखला नाही, त्या वयातला फोटो नाही. वाळ्यांना निरांजन आणि अत्तरदाणीची चांदी पुरली, आणि पुरली नसती तरी पदक गेलं नसतं, असं सून म्हणाली. तिच्या सासूबाई मात्र बराच वेळ गप्प होत्या.

पुरुषांच्या पदकांचं असं होत नाही बघा. आजोबांचं पदक आजोबांच्याच नावाचं असतं, पणतूही ओळखतो. बाईचं पदक मात्र तिच्या स्वतःच्या घरात परकं होतं. तेव्हा नोंदवहीत दुसरं काही नसलं तरी चालेल, माहेरचं पूर्ण नाव हवंच.

नावावरून आठवलं. आपलं सर्वोच्च शौर्यपदक परमवीर चक्र. त्याचं चित्र एका बाईने काढलं आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल गावी, आणि जन्मनाव ईव्ह इव्हॉन. वडील हंगेरियन, आई रशियन. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ साली लग्न झालं आणि त्या सावित्रीबाई झाल्या. पुराणं, संतवाङ्मय यांचा त्यांचा अभ्यास असा, की महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर हे काम सोपवलं. मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. ब्राँझचं, जेमतेम ३५ मिलिमीटरचं पदक, जांभळ्या फितीत ओवलेलं. २६ जानेवारी १९५० ला ते जाहीर झालं, स्वातंत्र्यदिनापासून लागू धरून. पहिलं मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर होते. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र ही चित्रंही बाईंचीच. १९९० साली त्या गेल्या.

आता डब्यातल्या नाण्यांकडे वळू. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं, एक रुपया आणि पन्नास पैसे. मग १९६९ ची गांधीशताब्दीची, त्यात दहा रुपयांचं चांदीचं. पंधरा ग्रॅम, ऐंशी टक्के चांदी. त्यानंतर अन्नधान्याची मालिका, आणि ती खास आपल्या जिव्हाळ्याची. १९७४ चे 'नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न' वाले दहा पैसे, १९७५ चे महिलावर्षाचे, १९८० चे ग्रामीण स्त्रीच्या प्रगतीचे दहा आणि पंचवीस पैसे. १९९० मध्ये बालिकावर्षाचा रुपया निघाला आणि त्याच साली डॉ. आंबेडकरांचाही. १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपये, २००७ मध्ये टिळकांचे पाच. २०२५ मध्ये अहिल्याबाईंचं तीनशे रुपयांचं निघालं, पण ते संग्रहासाठी, वाण्याकडे चालवण्यासाठी नव्हे. पंचवीस पैसे व त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तेव्हा ती जपाल तरच राहतील.

वर्षाखाली बारीक बघा. चौकट असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे, १८२९ मध्ये बांधून झालेली. तिथून जवळच सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय २००४ साली निघालं. मुलांना सुट्टीत एकदा जरूर न्या.

धातू ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या. नेहरूंचा रुपया निकेलचा, तो चटकन चिकटतो. पोलादी नाणीही चिकटतात. चांदी, तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही. पिवळी कमळवाली वीस पैशांची नाणी सोन्याची म्हणून कित्येकींनी साठवली होती, लक्ष्मीपूजनात अजून मांडतातही. मांडा खुशाल, पण त्यात सोनं नाही हो!

जतनाचं सांगते आणि इथे जरा दटावूनच सांगते. घासायचं नाही. चिंच-मीठ, रांगोळी, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. तांब्याचा घंगाळ लख्ख झाला तर शोभतो. पदक घासलं तर वरचे बारीक उठाव झिजतात आणि पुन्हा येत नाहीत. काळेपणा राहू द्या. हाताळताना कडेने धरा, कारण बोटाच्या घामाचा डाग ब्राँझवर कायमचा बसतो. रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्रातही बांधू नका. मऊ प्लॅस्टिकच्या चिकट पिशव्यांमुळे हिरवट ओशट थर चढतो. साध्या पांढऱ्या कागदाचं एकेक पाकीट करा. आमच्याकडे खाडीची हवा, पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं. म्हणून गोळ्यांच्या बाटलीत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या मी डब्यात टाकते. भोक पाडून साखळीत घालणं तर दूरच ठेवा. आणि सरकारी नाणं वितळवणं हा २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विकण्याचं म्हणाल तर सावध राहा. 'वैष्णोदेवीचं नाणं आहे का? लाखो मिळतील' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. ते नाणं २०१२ चं, पाच आणि दहा रुपयांचं, बाजारात अजून हाती येतं. लाख कोण देणार? आमच्या ओळखीच्या एकीने नोंदणीचे म्हणून पैसे आधी भरले, मग कराचे भरले, मग तो फोन बंदच झाला. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये जाहीर केलं, की आपण असा व्यवहार करत नाही आणि आपल्या नावाने कुणी शुल्क मागत असेल तर देऊ नका.

आता वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाईच्या पेनाने लिहिलेली. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण मोबाइल बदलतात, वही राहते. पदकावर आकडा कोरायचा नाही, पाकिटावर पेन्सिलीने घालायचा आणि तोच वहीत. नोंद साधारण अशी:

'क्र. ७. चांदीचं पदक, गोल, वर कडी. व्यास ३२ मि.मी., वजन १४ ग्रॅम. पुढे वीणाधारी सरस्वती. मागे नाव, १९४१, मराठीत प्रथम. काठ कोरा. डाव्या बाजूला पोचा. कुणाचं: माहेरचं पूर्ण नाव, गाव, शाळा, लग्नानंतरचं पूर्ण नाव. कुणी सांगितलं: आत्या, फोनवर, अमुक तारखेला.'

शेवटची ओळ गाळू नका. कुणी सांगितलं ते लिहिलं की पुढच्या पिढीला ऐकीव काय आणि कोरलेलं काय हे वेगळं करता येतं. सोबतचं चिटोरं, डबी, फीत हेही त्याच पाकिटात. वजनाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. अक्षरं पुसट असतील तर वर पातळ कागद ठेवून मुलांना पेन्सिल आडवी फिरवायला सांगा. डोळ्यांना न दिसलेलं अक्षर पुष्कळदा कागदावर उमटतं. मात्र अगदी हलक्या हाताने, आणि ब्राँझचं पदक आरशासारखं चकचकीत असेल तर तेही नको.

डोंबिवलीच्या भगिनींनी आपल्या पदकाचा काठ भिंगाखाली फिरवून बघावा. तिथे बहुधा पाडणाऱ्या कारखान्याचं नाव, कधी धातूचं नाव असतं, आणि चित्राच्या पायथ्याशी शिल्पकाराची सही किंवा दोन-तीन आद्याक्षरं. दिसतील तशी उतरवून पाठवा, उलटी दिसली तर उलटी. मुलाने ते कुठून आणि कशासाठी घेतलं, हेही त्याला आजच विचारून घ्या.