गाडीच्या पाटीवरची सात अक्षरे

बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपान जीव घेते’ हा इशारा तीनदा छापतात. बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन अशा तीन भाषांत. दोन ओळी अक्षरशः सारख्या. उरलेल्या ओळीतही शब्द तेच, फक्त लिपी सिरिलिक. ही माणसे मुळातच एकत्र नांदू शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ते पाकीट एकदा हातात घेऊन पाहावे.

त्यांचे म्हणणे असे: बाल्कनमधली वैरे शतकांची आहेत. युगोस्लावियाच्या कम्युनिस्ट राजवटीने ती दाबून ठेवली, १९८० मध्ये तिचा प्रमुख टिटो गेला आणि पुढे झाकण उडाले. तेव्हा प्रत्येकाला आपापला तुकडा तोडून द्यावा, तंटा मिटेल. पण १९९१ च्या जनगणनेत बोस्नियात सुमारे ४३ टक्के मुस्लिम, ३१ टक्के सर्ब आणि १७ टक्के क्रोएट होते. शिवाय साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला नुसते ‘युगोस्लाव’ म्हणवून घेतले होते. वस्ती इतकी सरमिसळ की तुकडा पाडायचा तर आधी शेजाऱ्याला घराबाहेर काढावे लागणार. १९९२ ते १९९५ च्या युद्धात नेमके तेच केले गेले. सुमारे एक लाख माणसे मेली. एकट्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. तुकडे पाडण्यासाठीच हे रक्त सांडले, आणि आता तुकड्यांनाच औषध म्हणायचे? मला हे मान्य नाही.

१९९५ च्या डेटन कराराने युद्ध थांबवले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्याने वैराला घटनेत घर बांधून दिले. देशाचे दोन घटक, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कँटन म्हणजे प्रांत, आणि राष्ट्राध्यक्षपद तिघांचे: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. याच देशाचे नागरिक याकोब फिंची ज्यू, देर्वो सेजदिच रोमा. म्हणून दोघांनाही त्या पदाला उभे राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्येच हा भेदभाव ठरवला. राष्ट्राध्यक्षपदाची वाटणी मात्र तशीच आहे, कारण आपल्याच लोकांना घाबरवून मते मिळत असतील तर दुसऱ्यांच्या दारात कोण जाईल?

युरोपीय संघात गेले की सगळे आपोआप सुरळीत होईल, अशी काहींची आशा आहे. आशा भली आहे, पण युगोस्लावियातही एकच बाजारपेठ, एकच चलन, एकच सैन्य होते. तरी तो फुटला. बोस्नियातल्या मोस्तार शहराचा कारभार तर १९९४ पासून दोन वर्षे युरोपीय संघानेच पाहिला. तिथला उद्ध्वस्त झालेला जुना पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. पण २००८ नंतरची पालिका निवडणूक व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. वरून आलेली मदत पुढाऱ्यांच्याच हातून वाटली गेली की त्यांचीच पत वाढते.

मग जोडायचे कसे? माझे उत्तर गाडीच्या पाटीत आहे. युद्धानंतर पाटीवरून गाडीवाला कुठला हे ओळखू येई, म्हणून लोक पलीकडच्या भागात जायला धजत नसत. १९९८ मध्ये डेटन कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीने सबंध देशाला एकच पाटी लागू केली. तिच्यावर येणारे अक्षर या सातांपैकीच: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. लॅटिन आणि सिरिलिक, दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी. आता पाटी पाहून कोण कुठला हे सांगता येईना, आणि माणसे रस्त्यावर आली. कुणालाही आपले मन बदलायला सांगितले नव्हते. नातलगाकडे, बाजाराला, जुन्या घराकडे जायची वाट तेवढी मोकळी केली होती.

शाळेचेही तेच: वाट मोकळी असली की मुले एकत्र येतात. मध्य बोस्नियात एकाच इमारतीत वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या ‘एका छपराखाली दोन शाळा’ भरतात. यायत्से गावातल्या माध्यमिक शाळेत बोस्नियाक आणि क्रोएट मुले एकत्र शिकत होती. कँटनने त्यांना वेगळे करायचा बेत आखला. ती मुले मिळून रस्त्यावर उतरली. डेटननंतर जन्मलेली, फाटाफुटीखेरीज दुसरे राजकारण न पाहिलेली मुले. २०१७ मध्ये कँटन सरकारला माघार घ्यावी लागली.